एकोणीस नंबर आला की थांब

४ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. बाई म्हणजे आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या प्रमुख. मी तिथला टायपिस्ट, आणि चार वर्षांपासून, बोलून दाखवू नये पण लिहायला हरकत नाही, प्रोग्रामरसुद्धा. हॉलमधला नंबरांचा बोर्ड माझा. डॉक्टरांनी खोलीत बटण दाबलं की बाहेर त्या खोलीचा पुढचा नंबर लागतो. कोणी शिकवलं नाही. पुस्तक उघडं ठेवून शिकलो. पुढेमागे आत्मचरित्र लिहिलं तर हे सगळं लागेल, म्हणून नोंद.

बाई म्हणाल्या, तुमचा बोर्ड मधूनच एखादा नंबर खातो. परवा सत्तावीसनंतर एकदम एकोणतीस लागला, आणि अठ्ठावीसवाले आजोबा चार वाजेपर्यंत बसून राहिले. किती दिवसांत दुरुस्त कराल? म्हटलं, आठ. दोन म्हणणार होतो, पण माणसाने पाय जमिनीवर ठेवावेत.

बाहेर शिपाई उभा. पन्नाशीचा झाला तरी तोंडाला लगाम नाही. म्हणाला, भाऊसाहेब, दोन खोल्यांतून एकदम बटण दाबलं की नंबर जातो बघा, मी रोज बघतो. त्याला प्रेमाने सांगितलं, बाबा रे, ज्याचं काम त्याने करावं. प्रोग्रामच्या भाषेचं नाव पायथन, म्हणजे अजगर, हे एकदा मीच त्याला सांगून बसलो होतो. आता हॉलभर सांगत फिरतो की भाऊसाहेबांच्या अजगराने आज अठ्ठावीस गिळला.

संकल्प: आजवर चुका चाचपडत शोधल्या. आता शास्त्रशुद्ध. एडिटरमध्ये, म्हणजे ज्यात प्रोग्राम लिहितो त्यात, डीबगर बसवायचा. ज्या ओळीवर लाल ठिपका द्यावा तिथे प्रोग्राम थांबतो आणि पोटात काय आहे ते उघडून दाखवतो. इंटरनेटवरचा गृहस्थ म्हणतो, पाच मिनिटांचं काम.

५ मार्च, मंगळवार

ती पाच मिनिटं अजून चालू आहेत.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये एक नाही, तीन अजगर निघाले. वेगवेगळ्या वर्षी मीच बसवलेले. एडिटर विचारतो, यातला कुठला? मधला निवडला. मध्यममार्ग बरा.

संध्याकाळी ही चहा घेऊन आली आणि स्क्रीनकडे बघत उभी राहिली. म्हणाली, अहो, ही रेघ मधेच वाकडी दिसते. मला कौतुक वाटलं. या भाषेत प्रत्येक ओळीचा समास काटेकोर लागतो, आणि हिने एका नजरेत दोष काढला. दोन तास बसून सगळ्या ओळी मोजून सरळ केल्या. हाक मारली, बघ आता. बघून म्हणाली, अजून वाकडीच आहे. मग म्हणाली, दाराची चौकटपण वाकडी दिसते आजकाल.

सुताराला बोलवायला हवं. घर जुनं झालं.

६ मार्च, बुधवार

सुतार आला. ओळंबा लावला. म्हणाला, चौकट सुतासारखी सरळ आहे, तुम्ही डोळे तपासा. यायचे पैसे मात्र घेऊन गेला.

ही भावाकडे गेली. मेहुण्याचं चष्म्याचं दुकान आहे. त्याने तिला चौकटीचौकटीचा कागद दाखवला आणि एकेक डोळा झाकून काय दिसतं ते विचारलं. उजव्या डोळ्याला सगळं ठीक. डाव्याला मधल्या रेघा वाकड्या आणि मधोमध धुरकट. मेहुण्याचा लगेच मला फोन. भाऊजी, हे चष्म्याचं काम नाही, डोळ्याच्या पडद्याचं आहे. वेळेत इंजेक्शन दिलं तर नजर वाचते. उद्याच्या उद्या ताईला पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा.

मेहुण्याला प्रत्येक गोष्ट उद्याच्या उद्या हवी असते. पण योग असा की पडद्याचे डॉक्टर आमच्याकडे फक्त गुरुवारी येतात, आणि उद्या गुरुवारच आहे.

७ मार्च, गुरुवार

हिचं टोकन तेवीस होतं. नऊपासून दोनपर्यंत बसली. बोर्डावर बावीस लागला आणि मग चोवीस. दोन वाजता डॉक्टर गेले.

मी विचारलं, डुलकी लागली होती का? म्हणाली, टक लावून बघत होते. म्हटलं, त्याच डोळ्याने ना? चूक तिची असं मी म्हणत नाही. पण प्रोग्रामची म्हणायलाही पुरावा नाही. डीबगर लागल्यावर काय ते दूध का दूध होईल.

शिपाई म्हणाला होता, वहिनींना मागच्या दाराने आत नेतो, दोन मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. ‘स्टाफच्या नातेवाइकांनीही टोकन घेऊनच बसावे’ ही पाटी माझ्या हातची. आणि माझीच बायको बोर्ड सोडून आत गेली, तर लोक म्हणणार, स्वतः स्वयंपाक्यालाच आपला स्वयंपाक गोड लागत नाही.

पुढचा गुरुवार कुठे पळून जातो?

९ मार्च, शनिवार

डीबगरसाठी एक सेटिंगची फाइल लिहावी लागते. बारा ओळींची. डावीकडे शब्द, मग कोलन, मग उजवीकडे शब्द. चार ओळी इंटरनेटवरून आयत्या घेतल्या, आठ स्वतः टाइप केल्या. चालवली. एडिटर म्हणतो: ओळ पाच, कोलन अपेक्षित आहे.

पाचव्या ओळीत कोलन आहे. ढळढळीत दोन ठिपके.

१० मार्च, रविवार

कोलन अपेक्षित आहे.

पुसला, परत टाइप केला. कोलन अपेक्षित आहे. सबंध ओळ पुसली, परत टाइप केली. कोलन अपेक्षित आहे. एडिटर पुसला, परत बसवला. कोलन अपेक्षित आहे.

तेहतीस वर्षं टायपिंग करतो. परीक्षेत जिल्ह्यात पहिला. माझ्या पत्रावर आजवर कोणी लाल शाईचं बोट ठेवलेलं नाही. एडिटरलाच आमच्या हॉस्पिटलात आणायला हवं.

ही म्हणाली, पोळीवरची करपट टिकली दिसत नाही हल्ली नीट. म्हटलं, बरंच आहे की, निवांत खा.

११ मार्च, सोमवार

एडिटर बनवणाऱ्यांना तक्रारीचं पत्र लिहिलं. रीतसर. दिनांकः, प्रतिः, विषयः, संदर्भः. दोन पानं झाली. पाठवायचा पत्ता सापडला नाही. तरी मन मोकळं झालं.

मोठ्या बाईंनी विचारलं, आठ दिवस होत आले. म्हटलं, मूळ कारणाच्या अगदी जवळ आहे. बाई म्हणाल्या, तोवर शिपाई तोंडाने नंबर पुकारेल. मी विरोध केला. धडधाकट पोराला कुबड्या दिल्या की ते चालायचं विसरतं. बाई म्हणाल्या, बरं, अजून थोडे दिवस. माझ्या शब्दाला तिथे वजन आहे.

१३ मार्च, बुधवार

आज उलगडा झाला. मीच लावला.

झालं असं. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. ही शेजारी येऊन बसली, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उजव्याने स्क्रीन वाचायला लागली. म्हणाली, अहो, या वरच्या चार ओळींत ठिपके सुटे आहेत. तुम्ही लिहिलेल्या ओळींत ठिपक्यांच्या मागे टिंबाटिंबांचं कडं आहे. ते कसलं? म्हटलं, एडिटरची नक्षी असेल. म्हणाली, मग वरच्या ओळींना का नाही? आणि हे ठिपके जरा गुबगुबीत नाहीत का? हा विसर्ग आहे. दुःखातला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. घरी पत्रं टाइप करायची कामं घेतो. विसर्गासाठी दोन कळा दाबायला नकोत म्हणून कधीकाळी मीच कोलनच्या कळीवर विसर्ग बसवून घेतला होता. तेहतीस वर्षं ‘विषयः’ ‘दिनांकः’ असंच लिहीत आलो. दोन ठिपके ते दोन ठिपके. कोणी साहेब कधी हरकत घेत नाही. मशीन घेतं. मशीनला व्याकरण कळतं, माणुसकी कळत नाही.

म्हणजे शोध माझाच. हिने फक्त बोट ठेवलं.

ही म्हणाली, तुमच्या पत्रांतही सगळीकडे विसर्गच असणार की. म्हटलं, तू डोळ्याला ताण देऊ नकोस.

आठही विसर्ग काढले. डीबगर सुरू झाला! पहिल्याच ओळीवर थांबला, पण थांबला. उद्या गुरुवार. उद्यासाठी एक नामी युक्ती योजली आहे. हिला एक नंबरचं टोकन घेऊन द्यायचं. एकच्या आधी काही नाहीच, तर गिळणार काय?

१४ मार्च, गुरुवार

साडेसातला जाऊन एक नंबरचं टोकन घेतलं. काउंटरच्या कॉम्प्युटरवर बोर्ड चालू आहे ना, याची खात्री म्हणून पडद्याच्या खोलीचं बटण एकदा दाबून पाहिलं. झकास. रिकाम्या हॉलमध्ये मोठ्ठा एक लागला. समाधानाने चहाला गेलो.

नऊ वाजता डॉक्टरांनी बटण दाबलं. दोन लागला.

एकदा गेलेला नंबर परत लागत नाही. वशिल्याने कोणी मागे येऊ नये म्हणून ही सोय मीच केली होती, आणि ती चोख चालते हे आज सिद्ध झालं. हिने दुसरं टोकन घेतलं. एकेचाळीस. डॉक्टर चाळीसच बघतात.

ही म्हणाली, तुमच्या बोर्डावर माझा नंबर लागला होता म्हणता. तेव्हा मी घरी चपला शोधत होते.

मेहुणा आला होता. म्हणाला, भाऊजी, या डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना आहे, गाडीने दोन तास. मी आज नेतो ताईला. म्हटलं, डोळ्यांच्या हॉस्पिटलातल्या माणसाने बायकोला बाहेर दाखवायचं, म्हणजे घरची विहीर सोडून शेजाऱ्याकडे पाणी मागायचं. एका गुरुवाराचा प्रश्न आहे. मेहुणा हिच्याकडे बघत राहिला. ही म्हणाली, राहू दे रे. त्यांनी एवढं मांडलंय तर होऊ दे एकदाचं.

तिचा माझ्यावर विश्वास आहे. मेहुण्याचा कोणावरच नाही.

१७ मार्च, रविवार

प्रगती जोरात. लाल ठिपका देता येतो. चालवल्यावर तो पोकळ, राखाडी होतो आणि प्रोग्राम त्याच्यावरून सुसाट निघून जातो.

१८ मार्च, सोमवार

राखाडी ठिपक्याचा अर्थ कळला. दोन आठवडे मी घरच्या प्रतीला डीबगर लावत होतो. नंबर गिळतो तो प्रोग्राम हॉस्पिटलच्या काउंटरवर. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हसू आलं. स्वतःवर हसता यायला मोठं मन लागतं.

उपाय सापडला. चालत्या प्रोग्रामला दुसऱ्या कॉम्प्युटरवरून डीबगर जोडता येतो. मी टायपिंगच्या खोलीत, प्रोग्राम काउंटरवर, मधे एक वायर. प्रोग्रामला पत्ता लागत नाही की कोणी पोटात बघतंय.

ही म्हणाली, मधला डाग आता काळा झालाय, पूर्वी धुरकट होता. म्हटलं, गुरुवारी सांग डॉक्टरांना, विसरू नकोस. कागदावर लिहून दिलं.

२० मार्च, बुधवार

हॉस्पिटलात सगळी जोडणी झाली. इथल्या कीबोर्डवर कोलन कोलनच आहे. उद्या गुरुवार.

गुरुवारची टोकनं आता आदल्या दिवसापासून देतात, तेव्हा हिचं आजच घेऊन ठेवलं. एकोणीस. आणि आता ऐक, रोजनिशी. लाल ठिपक्याला अटही घालता येते. मी अट घातली: पडद्याच्या खोलीचा एकोणीस नंबर आला की थांब. म्हणजे उद्या अजगराने तोंड उघडलंच, तर नेमकं हिच्या नंबरावर त्याचा जबडा धरायचा. लोक बायकोला दागिने करतात.

२१ मार्च, गुरुवार

९.०५. टायपिंगच्या खोलीत. दाराला आतून कडी. बाहेर चिठ्ठी: ‘काम चालू आहे. ठोठावू नये.’ काउंटरकडची वायर ढिली आहे, म्हणून शिपायाला ती धरून बसवलंय. सांगितलंय, आकाश कोसळलं तरी हात काढायचा नाही. म्हणाला, भाऊसाहेब, मी शिपाई आहे की खुंटी? पण बसला.

९.५०. अकरा नंबर लागला.

१०.१२. थांबला!!! एकोणिसावर थांबला! लाल ठिपका भरीव, ओळ पिवळी. अख्खा प्रोग्राम माझ्या तळहातावर. डोळ्यांत पाणी आलं.

१०.४०. पोटात बघतोय. प्रत्येक खोलीचा नंबर, प्रत्येक बटण. केवढं वैभव आहे हे. असं वाटतं की घड्याळ बंद पडलंय आणि मी एकटा जागा आहे. दार हळूच वाजलं. दोनदा. उघडलं नाही. चिठ्ठी लोक वाचत नाहीत.

१०.५५. सापडलं! दोन खोल्यांतून एकदम बटण दाबलं की दोघांची मोजणी एकमेकींत शिरते आणि एक नंबर गडप होतो. माझा पहिल्यापासूनचा तर्क खरा ठरला. परत दार वाजलं. तसंच, हळू. माणसांना धीर म्हणून नाही.

११.३०. एका ओळीची दुरुस्ती. लिहिली. एकदाच तपासून मग प्रोग्राम पुढे सोडतो. घाई नाही, सगळं थांबलेलंच आहे.

१२.१५. प्रोग्राम सोडला. कडी काढून बाहेर आलो. वाटलं होतं, हिला आत नेताना दिसेल.

संध्याकाळ. जे कळलं ते लिहितो. प्रोग्राम थांबला म्हणजे सगळ्याच खोल्यांचा बोर्ड थांबला. इथले डॉक्टर थोडा वेळ बटणं दाबून कंटाळले, दारात येऊन हाका मारू लागले. पडद्याचे डॉक्टर बाहेरचे. त्यांनी तीन-चारदा बटण दाबलं, कोणी येईना. अकराच्या सुमाराला दारातून डोकावून म्हणाले, पुढचं कोण आहे? एकोणीसचं कोणी उठलं नाही, आणि बाकीचे बोर्डावर आपला नंबर लागायची वाट बघत बसून राहिले. त्यांना वाटलं, आज पेशंट आटोपले. त्यांना ऑपरेशन होतं. गेले.

एकोणीस नंबर तेव्हा माझ्या दाराशी उभी होती. दोन्ही वेळा तीच होती.

शिपाई वायर धरून बसला होता. म्हणाला, भाऊसाहेब, मला तिथून सगळं दिसत होतं. उठणार होतो. पण तुम्हीच म्हणालात, आकाश कोसळलं तरी. आणि तोंड फिरवून निघून गेला. वायर मात्र नीट गुंडाळून ठेवली होती.

घरी आलो तर कुलूप. मेहुण्याची गाडी येऊन गेली म्हणे.

२२ मार्च, शुक्रवार

ही काल उशिरा आली. डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यात तपासलं, इंजेक्शन दिलं. पण डाव्या पडद्यावर मधोमध वण धरला आहे. तिथली नजर परत यायची नाही. इंजेक्शन आहे ते कडेचं टिकवण्यासाठी. डॉक्टर म्हणाले म्हणे, पंधरा दिवस आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं.

डॉक्टर लोक नेहमी असंच म्हणतात. पंधरा दिवस आधी गेलं असतं तर म्हणाले असते, महिनाभर आधी यायचं.

हे वरचं वाक्य लिहून पाहिलं. मोठ्याने वाचलं. खोडणार होतो. राहू दे.

मेहुण्याने फोन उचलला नाही.

२३ मार्च, शनिवार

मोठ्या बाईंनी बोर्ड उतरवला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे, बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ. शिपाई दारात उभा राहून नंबर पुकारतो. दिवसभरात एकही नंबर गेला नाही. मी सांगितलं, बाई, चूक सापडली आहे, एका ओळीची होती, दुरुस्त झाली. बाई म्हणाल्या, छान झालं. आता ती पत्रं तेवढी टाइप करा. आणि भाऊसाहेब, ‘विषय’ला विसर्ग नसतो हो. बरेच दिवस सांगायचं राहून जात होतं.

म्हणजे लक्षात येत होतं.

२५ मार्च, सोमवार

संकल्प: हिच्यासाठी घरच्या कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी करून द्यायची. केली. तिला बसवून दाखवली. म्हणाली, अक्षरं लहान नव्हतीच कधी.

वाटीत आमटी वाढताना बाहेर सांडली. तिने पुसली. मी उठेपर्यंत पुसून झाली होती.

२८ मार्च, गुरुवार

डीबगर आता बिनतक्रार चालतो. एका झटक्यात सुरू होतो, सांगाल तिथे थांबतो. चालवायला प्रोग्राम नाही.

दुपारी ही समोर येऊन बसली. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डाव्याने माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, काय दिसतंय? म्हणाली, मधे तुम्ही नाही. तोंड नाही, डोळे नाहीत, काळं आहे नुसतं. कडेला दोन कान तेवढे दिसतात.

मग हात काढला आणि म्हणाली, म्हणजे कान होते तर तुम्हाला.